पाठीवर बांधायचं झबलं

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंना सगळे टाचणीमावशी म्हणत. रुग्णालयाच्या तळघरातल्या लिनन रूममध्ये, म्हणजे जिथे फाटक्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे गाऊन दुरुस्तीला येतात तिथे, त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. तिथल्या सवयीने डाव्या खांद्यावर पाच-सहा टाचण्या कायम खोचलेल्या. बाजारात, देवळात, कुणाच्या साखरपुड्यात, टाचण्या आपल्या जागी. त्यांचे यजमान त्याच रुग्णालयात बॉयलर सांभाळत. ते सांगायचे, "हिला जवळ घ्यायचं म्हणजे आधी झडती घ्यावी लागते." यजमान बोलके, मावशी अबोल. "दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या बाईला बोलायची सवय लागणार कुठून?" हे त्यांचं उत्तर तयार असायचं.

मी एकदा मावशींचा डबा द्यायला त्या तळघरात गेले होते. डोक्यावरून वाफेचे पाइप गेलेले, त्यामुळे खोली बारा महिने उबदार. भिंतीच्या अगदी वर एक आडवी खिडकी, तिच्यातून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसत. लांबलचक टेबलावर गठ्ठे: शस्त्रक्रिया, मुलांचा विभाग, प्रसूती. प्रत्येक कापडाच्या कडेला त्या त्या विभागाचा काळा शिक्का. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, कडा आत घेऊन जोडायच्या आणि पुन्हा वापरायला पाठवायची. तीही विरली की ठिगळ. ठिगळही टिकेना की "बाद" असा लाल शिक्का, आणि मग तिची पुसायची फडकी होत.

"पण कोपरे कधी विरत नाहीत," मावशींनी मला एक बाद चादर उलगडून दाखवली होती. "बघ, नवीच्या नवी. कोपऱ्यावर कोणी झोपतच नाही ना."

हे कोपरे ठेवून घ्यायची परवानगी त्यांनी लिनन रूमच्या मुख्य बाईंकडून मागून घेतली होती. त्यांतून त्या झबली शिवत. कशासाठी, ते सांगते.

एका सकाळी प्रसूती विभागाच्या सिस्टर जिना उतरून खाली आल्या. "मावशी, घालायला काही लहान मिळेल का? अगदी लहान?" त्यांनी दोन हातांनी माप दाखवलं, ते जेमतेम वीतभर होतं. मावशींनी पुढे काही विचारलं नाही. दुपारची भाकरी बाजूला ठेवून त्यांनी चादरीच्या कोपऱ्यातून एक झबलं बेतलं. गोल गळा, इवल्याशा बाह्या. सिस्टर ते घेऊन वर गेल्या आणि दहा मिनिटांत परत आल्या. झबलं हातातच.

"जात नाही हो. जिवंत लेकरू अंग देतं, मावशी. आपण बाही धरली की हात सैल सोडतं. हे देत नाही. आणि जोर लावायला माझा हात होईना."

मावशींनी झबलं घेतलं, पाठीमागून वरपासून खालपर्यंत कापलं, दोन्ही कडा दुमडल्या आणि बंदांच्या दोन जोड्या लावल्या. आता लेकराला काहीही "घालायला" लागणार नव्हतं. नुसतं पुढून ठेवायचं, हात अलगद बाह्यांत सरकवायचे आणि पाठीवर बांधायचं. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक झबलं असंच: बाह्या रुंद, पाठ उघडी, काज नाही, बटण नाही. जी लेकरं जन्मली पण रडली नाहीत, त्यांच्यासाठी. कापडाला कात्री लावण्याआधी त्या दर वेळी एकच वाक्य पुटपुटत, "प्रभू, एवढंच आहे."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षातून एका रविवारी बायकांनी हातचं काहीतरी करून वेदीपुढे ठेवायचं असतं. कुणी क्रोशाचे रुमाल आणतं, कुणी वेदीचं कापड भरतं, आणि सगळ्याजणी एकमेकींचे टाके मनातल्या मनात मोजत असतात. मावशी दर वर्षी एक केक नेत, तो दर वर्षी मधे बसलेला असे. एका वर्षी त्यांनी बुटांचं खोकं नेलं. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अय्या, बाहुल्यांचे कपडे! किती गोड! आपण रविवारच्या शाळेत वाटून टाकू."

"बाहुल्यांचे नाहीत," मावशी म्हणाल्या. "जाणाऱ्या लेकरांचे आहेत. इथे ठेवते, उपासना झाली की रुग्णालयात परत नेते."

अध्यक्षीणबाईंनी झाकण इतकं पटकन लावलं की ते तिरकं बसलं. मग आमचे म्हातारे पाळक पुढे आले, त्यांनी ते खोकं उचलून वेदीच्या मधोमध ठेवलं, भरतकामाच्या अगदी पुढ्यात. त्या दिवशी त्यांनी तयार करून आणलेलं प्रवचन केलंच नाही. प्रभूच्या अंगाला सुगंधी तेल लावणाऱ्या बाईबद्दल बोलले. लोक तिच्यावर चिडले, म्हणाले काय ही नासाडी. प्रभूने मात्र तिची बाजू घेतली. तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं, आणि ते माझ्या दफनाच्या तयारीचं होतं, असं त्याने सांगितलं. "मेलेल्या देहासाठी केलेलं काम त्याने वाया गेलेलं मानलं नाही," एवढंच म्हणून पाळक खाली बसले.

घरी येताना जिन्यात मी म्हटलं, "मावशी, आज तुमचं अर्पण सगळ्यांत मोठं ठरलं."

"अगं जा," त्या म्हणाल्या. "चादरीचे कोपरे ते. मोठ्या मनाने द्यायला माझं होतं तरी काय त्यात?"

यजमान गेले. पाठोपाठ मावशी निवृत्त झाल्या आणि काचबिंदूने डोळे धरले. कडेकडेने अंधार येत गेला, नळीतून बघितल्यासारखं तेवढं मधलं दिसायचं. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशींनी ते उरलेलं तळघराकडेच लावलं. पूर्वीच्या बायका त्यांना कोपरे पाठवून देत. दिवसाला एक झबलं व्हायचं ते आठवड्याला एक होऊ लागलं.

घरात मुलगा आणि सून. मुलगा मालगाडीवर, चार-चार दिवस बाहेर. सून शाळेच्या ग्रंथालयात कामाला, तोंडाची फटकळ आणि मनाची लोण्यासारखी. दोघींचं छान चालायचं, म्हणजे भांडण चालायचं पण ऐकायला मजा यायची.

"आई, त्या टाचण्या काढा आता खांद्यावरून. उद्या नातवंड आलं की पहिला मान त्यालाच मिळायचा."

"आधी येऊ तर दे. टाचण्या काय, खांदाच काढून ठेवते."

नातवंड येत नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोन्हीदा तिसऱ्या महिन्यात गेलं. दोन्ही वेळा सून आठ दिवसांत कामावर रुजू झाली आणि त्यावर एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या वेळी पाचवा महिना ओलांडला, तेव्हा कुठे तिने बाळासाठी म्हणून पहिली खरेदी केली. पांढऱ्या मलमलीचा दोन वारांचा तुकडा. तीनदा धुऊन, इस्त्री करून तिने तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला. तो ठेवतानाच मागे तिला बुटांचं खोकं सापडलं.

सासूबाई रुग्णालयासाठी काहीतरी शिवतात एवढंच तिला माहीत होतं; ते कुणासाठी, हे मावशींनी तेव्हा सांगितलं. मी माझ्या स्वयंपाकघरात होते, तिचा आवाज दोन दारांतून ऐकू आला.

"माझं बाळ पोटात, आणि त्याच्या कपड्यांच्या शेजारी हे? आई, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

"अगं, कापड आहे ते. कापडाने काही होत नाही."

"ठाऊक आहे मला. सगळं ठाऊक आहे. मी काही अडाणी नाही. पण मला भीती वाटते! दोनदा गेलंय माझं."

संध्याकाळी मावशी ते खोकं घेऊन माझ्याकडे आल्या आणि ते सिस्टरांकडे पोचतं कर म्हणाल्या. आत सात झबली होती.

"बाळ हातात येईपर्यंत मी सुईला हात लावणार नाही, असं कबूल केलंय तिला," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तिचं. पण ही सात पुरायला हवीत गं. पुरतील ना? एकही लेकरू तिथून फडक्यात जाता कामा नये."

फडक्यात म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं नाही. सिस्टरांना मात्र "मावशींचे डोळे फार बिघडलेत" असं सांगून मोकळी झाले. ते खोटं नव्हतं. पुढचे दोन महिने मी रुग्णालयात त्यांचे थेंब आणायला निघाले की मावशी न चुकता मला तिथे विचारायला लावत, किती उरली? पाच. मग तीन. मग एक. इकडे त्यांच्या नजरेची नळी बारीक होत चालली होती. शिवायला दिसेल असे दिवस फार नव्हते, हे त्यांना कळत होतं आणि त्या हात मांडीवर ठेवून बसून होत्या.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. सून सुट्टीवर, सातवा सरत आलेला, पाय उशीवर घेऊन पुस्तक वाचत होती. दीडच्या सुमाराला दारावर थाप पडली. दारात प्रसूतीच्या सिस्टर उभ्या, गणवेशावर घाईने कोट चढवलेला.

"मावशी, एक द्या. कालच शेवटचं गेलं." त्यांना आत बसलेली सून दिसली नव्हती. "मुलगा आहे, पूर्ण दिवसांचा. त्याच्या आईने अजून पाहिला नाही, धीर होत नाही म्हणते. नीट कपडे घालून दिलात तर बघेन, असं म्हणाली. पाच वाजता वडील दफनभूमीकडे घेऊन जाणार आहेत."

मावशींनी सुनेच्या दिशेने मान वळवली. तिचा चेहरा त्यांना त्या अंतरावरून दिसणं शक्य नव्हतं.

"नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "डोळे गेले हो सिस्टर."

"बरं." सिस्टरांनी कोटाची बटणं लावली. "बघते मी दुसरं काहीतरी."

दार लागलं. चहावर साय धरली. बराच वेळ गेला, तासभर तरी. मावशी दोनदा उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत येऊन बसल्या. सुनेचं पुस्तक उघडं होतं, पान उलटत नव्हतं.

"दुसरं काहीतरी म्हणजे काय?" शेवटी तिनेच विचारलं.

"फडकं," मावशी म्हणाल्या. "प्रसूतीचा शिक्का असलेलं."

"तुम्हाला काय माहीत, त्यातच देतात ते?"

"मला माहीत आहे."

आणि मग त्या बोलल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना सलग एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुझ्या नवऱ्याच्या आधी मला मुलगी झाली होती. रडली नाही. तेव्हा आईला दाखवत नसत. दाखवली तर बाई वेडी होते म्हणायचे. ह्यांच्या हातात दिली, फडक्यात गुंडाळून. आणि सांगितलं, फडकं परत आणून द्या, मोजणीतलं आहे. ह्यांनी दुसऱ्या दिवशी धुऊन परत दिलं."

"मग तिला कशात..." सुनेने विचारलं.

"तेच मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जगभराच्या गप्पा मारणारा माणूस, पण त्यावर कधी बोलला नाही. आणि मग ते गेले, विचारायचं राहूनच गेलं." मावशींनी पदराची नसलेली सुरकुती सरळ केली. "महिन्याने कामावर गेले तर टेबलावर प्रसूतीचा गठ्ठा. सगळी फडकी सारखी, शिक्का सारखा. पुढची सगळी वर्षं रफू केली ती. प्रत्येकाला हात लावताना वाटायचं, हेच असेल."

सून रडेल असं मला वाटलं. ती उठली, पोट सावरत आत गेली. कपाटाचं दार वाजलं, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मलमलीचा तो तुकडा होता.

"हे घ्या. कापा."

"अगं, ते तर तुझ्या बाळाचं..."

"घ्या म्हणते ना, आई. माझं मन बदलायच्या आत घ्या." तिने तो मावशींच्या मांडीवर ठेवला. "आणि मला आत्ता विश्वास-बिश्वास काही वाटत नाहीये, सांगून ठेवते. नुसती भीती वाटतेय."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "भीतीसकट दे. ती वेगळी काढून ठेवणार आहेस कुठे?"

हे वाक्य मी तेव्हापासून फार वेळा आठवलं आहे. आपल्याला वाटतं, देवापुढे काही ठेवायचं तर मन आधी भरलेलं हवं, श्रद्धा काठोकाठ हवी. त्या मुलीकडे दोन वार मलमल होती आणि चिमूटभर धीर. त्यातलं तिने काहीच मागे ठेवलं नाही. वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून आत्ताच सांगून टाकते: तिची मुलगी सुखरूप झाली, आणि आता रोज माझ्या दारात सायकल आडवी टाकून जाते. पण त्या दुपारी हे कुणाला ठाऊक होतं?

अडीच वाजून गेले होते. मावशींनी टेबलावर कापड पसरलं, दोन्ही तळहात त्यावर ठेवले आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणाल्या. सून त्यांच्यामागे ओठ हलवत होती. मग कात्री चालली. माप त्यांनी बोटांनीच घेतलं, कडा सुनेने धरल्या. मी सुया ओवून देत होते.

"सूनबाई, सरळ धर. ग्रंथालयात पुस्तकंही अशीच तिरकी लावतेस का?"

"मधे पोट येतंय आई."

"त्याला सांग, आजीचं काम चाललंय, जरा सरक."

सून हसली आणि लगेच तिने हसण्याबद्दल स्वतःलाच रागावल्यासारखं तोंड केलं. मशीनवर मावशींचे पाय ठरलेल्या लयीत चालू लागले. दिसत नव्हतं तरी हात चुकत नव्हते. खांदे जोडले, बाह्या बसवल्या, कडा मिटल्या. सव्वातीनला त्यांनी दोरा तोडला आणि झबलं वर धरलं.

"झालं. आता फक्त बंद लावायचे."

सुनेने ते उलटं करून पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आई, पाठ शिवली गेलीये."

मावशींनी बोटं फिरवली. पाठीमागची टीप गळ्यापासून घेरापर्यंत अखंड होती, बारीक, सरळ, दुहेरी. चौतीस वर्षं ज्या हातांनी उघडी कड दिसली की मिटवायची एवढंच काम केलं, त्या हातांनी तेच केलं होतं. एवढी झबली शिवली, पण दर वेळी डोळा हाताला थांबवत असे. आता थांबवायला कोणी नव्हतं.

"उसव," त्या म्हणाल्या. "कात्री नको लावू, मलमल फाटेल. एकेक टाका काढ."

त्यांना टाका दिसत नव्हता. आम्ही दोघींनी दोन टोकांकडून सुरुवात केली. मावशींचे टाके असे की तीस वर्षांत उसवू नयेत. सुनेचे हात घामाने चिकट झाले, दोनदा तिने ते पुसले. मावशी मधे बसून एकसारखं विचारत होत्या, "किती राहिलं? किती वाजले?" टीप निघाली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बंद त्यांनी हाताने लावले, न बघता.

टॅक्सी करून आम्ही तिघी रुग्णालयात पोचलो. प्रसूती विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टपुढे रांग, म्हणून मावशी जिन्याने निघाल्या, एक हात कठड्यावर, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेलं झबलं. वरच्या दारात सिस्टर उभ्या होत्या. मावशींना पाहताच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"पाच म्हणाला होतात," सून म्हणाली. "पाचला वीस मिनिटं आहेत अजून."

"दफनभूमीचा माणूस लवकर जाणार म्हणून निरोप आला. वडील आले आणि... दहा मिनिटं झाली असतील."

"कशात?" मावशींनी विचारलं.

सिस्टरांनी दारामागच्या फडक्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

मावशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, यजमान गेले तेव्हाही नाही. जुनी फडकी शिवता शिवता त्यांनी स्वतःशी जे एकच ठरवलं होतं, ते मोडलं होतं.

"माझ्यामुळे," सून म्हणाली. "तुम्ही दीड वाजताच हो म्हणाला असतात. मी तिथे बसून होते म्हणून..."

"गप्प बस. पाठ मी शिवली, तू नाहीस." मावशींनी कागदाची घडी सारखी केली. "ती आई कुठल्या खाटेवर आहे?"

"आई, चला घरी. आता काय उपयोग? लेकरूच गेलं."

"आणलंय ते द्यायचं," मावशी म्हणाल्या. "पोचतं की नाही, ते त्याच्याकडे. परत घरी न्यायला आणलं नव्हतं मी."

शेवटच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून ती पडली होती. पंचविशीची असेल. सिस्टरांनी तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं, कोणीतरी भेटायला आलंय. सून दाराशीच थांबली होती, पुस्तकं धरतात तशी पर्स पोटापुढे धरून. त्या बाईची नजर नेमकी तिथेच गेली. सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती बाई म्हणाली, "उभ्या का? बसा ना, पाय दुखतील." सून भिंतीजवळच्या स्टुलावर टेकली आणि तिथेच तिच्या डोळ्यांना धार लागली.

मावशी चाचपडत खाटेच्या कडेला बसल्या. कागद सोडला.

"मी खाली लिनन रूममध्ये शिवायला होते. हे तुझ्या बाळासाठी शिवलं होतं. उशीर झाला, चूक माझी आहे. आता तुला हवं तर ठेव, नको असेल तर तसं सांग. मला राग नाही येणार."

तिने झबलं हातात घेतलं. एक बंद बोटाभोवती गुंडाळला.

"मी पाहिला त्याला," ती म्हणाली. "फडक्यातच पाहिला. नेणार म्हणाले तेव्हा राहवेना."

"बरं केलंस." मावशी जरा पुढे झुकल्या. "कसा होता?"

तिने मान वर केली. सकाळपासून तिला पुष्कळ लोक भेटले होते. औषध घेतलंत का, पाणी देऊ का, सही कुठे करायची, हे सगळं विचारून झालं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"केस खूप होते," ती म्हणाली. "काळेभोर. कपाळावर आलेले."

"आणि नाक?"

"नाक ह्यांचं. भलंमोठं." ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. मावशींनी तिला थांब म्हटलं नाही, उगी म्हटलं नाही. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत त्या तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या.

"एक हात मी बाहेर काढून पाहिला," ती पुन्हा बोलू लागली. "नखं वाढली होती त्याची. कापायला हवी होती." तिने झबलं मांडीवर पसरलं, बाही सरळ केली, तिच्यावर आपलं बोट आडवं ठेवलं. "ही लांब झाली असती त्याला."

"मग दुमडायची," मावशी म्हणाल्या. त्यांनी हाताने शोधत तिचं बोट धरलं आणि मलमलीची कड आत वळवली. "एवढी?"

"नाही," ती म्हणाली. "अजून थोडी."